पत्र्याखालचा पोटमाळा तापतो, इन्सुलेशन करायचंय पण अडगळ कुठे ठेवू?

पेठेतला_आळशी:
नारायण पेठेत जुनं घर आहे, वरच्या खोल्यांवर फळ्यांचा पोटमाळा आणि त्यावर उतरता पत्रा. आधी मंगलोरी कौलं होती, दर वर्षी चाळायचा कंटाळा म्हणून बाबांनी काढून टाकली, आता भोगतोय. एप्रिल-मे मधे दुपारी दोननंतर खाली बसवत नाही, पंखा नुसता गरम हवा फेकतो आणि रात्री अकरापर्यंत फळ्यांना हात लावला तरी कोमट. माळ्यावर गणपतीचं मखर, किल्ल्यावरचे मावळे, आईची घंगाळं, दोन लोखंडी ट्रंका, आणि रिकाम्या बॅगा किती ते मोजलं नाही. एकाने सांगितलं फळ्यांवर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) पसरा वरून प्लाय टाका. मधे उंची जेमतेम साडेपाच फूट. सामान तर राहिलंच पाहिजे, नाहीतर घरात महाभारत. काय करू?

अर्धवट_मिस्त्री:
पसरू नका हो. ग्लासवूल काम करतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे, वर ट्रंक ठेवून चेपलंत की निम्मं काम गेलं. अगदी करायचंच तर फळ्यांवर रिपा मारून मधे ग्लासवूल आणि प्लायचा भार रिपांवर, पण मग दोन-तीन इंच उंची जाते आणि खालची खोली गार झाली तरी माळा भट्टीच राहतो, मखराचा डिंक सुटणार.
ऊन वरच अडवा. वाशांच्या खालून फॉइलची बबल शीट ताणून मारा, पत्रा आणि शीटमधे कमीत कमी इंचभर हवा सोडून. लोक पत्र्यालाच चिकटवतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. दोन्ही बाजू चकचकीत असलेली घ्या, वरच्या बाजूवर धूळ बसून चमक जाते पण खालची स्वच्छ राहते आणि चकचकीत पृष्ठभाग खाली उष्णता फारशी सोडत नाही. वळचणीला आणि आढ्याला हवेसाठी फट ठेवा, तिथे बारीक जाळी, नाहीतर उंदरांना आयतं घर.

वाड्यातली_सून:
+१. २०१९ च्या एप्रिलात शिवाजीनगरला ४३ झालं होतं ना, त्या उन्हाळ्यानंतर आम्ही हेच केलं. त्याआधी पत्र्यावर पांढरा कूल रूफ पेंट मारून घ्या, चुना स्वस्त पडतो पण एका पावसात वाहून जातो. आणि थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून अजिबात भरू नका, उंदीर कुरतडतात आणि जुन्या वायरिंगजवळ ते पेटायची भीती. आमची वायर कापडी वेष्टणाची निघाली, आधी ती बदलली. ग्लासवूलचा एक तुकडा ह्यांनी हाफ शर्टात हाताळला, मग आठवडाभर खाजवत होते 😄

सिंहगडरोडकर:
एवढा खटाटोप कशाला, पत्रा काढून पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं) टाका, विषय संपला.

अर्धवट_मिस्त्री:
@सिंहगडरोडकर काम उत्तमच होईल, पण त्यांच्या बजेटचं काय ते त्यांनाच विचारा. शिवाय पेठेत अख्खं छप्पर उघडायचं म्हणजे शेजारी आधी भांडायला येतात.

पेठेतला_आळशी:
बजेट नाहीच. अजून एक, पत्रा दोन ठिकाणी गळतो, किरकोळ आहे, बादली ठेवतो. चालेल ना?

अर्धवट_मिस्त्री:
नाही!! आधी ते. हुकांचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात, बहुतेक तेच असेल, ते बदला आणि पहिल्या मोठ्या पावसात बघा. शीट मारल्यावर गळती दिसत नाही, पाणी शीटवरून घरंगळत भलत्याच कोपऱ्यात पडतं आणि तोवर वासा कुजलेला असतो. आणि सामान कडेला उतारात ठेवताना शीटला टेकवू नका, ट्रंकेचा कोपरा लागला की फाटलीच.

पेठेतला_आळशी:
ठीके. रविवारी माळा रिकामा करतो, मेव्हण्याला जेवायला बोलावलंय, ट्रंकांचं अजून सांगितलं नाहीये.