ड्रिफ्टिंगला मोटरस्पोर्ट म्हणायचं का?

एपेक्स_पकडा:
ड्रिफ्टिंग, म्हणजे मागचे टायर मुद्दाम घसरवत गाडी आडवी ठेवून वळणं घेणं, अवघड आहे, मान्य. पण मोटरस्पोर्ट? शर्यतीत निकाल घड्याळ देतं, इथे पंच लाइन (गाडीचा मार्ग), अँगल (गाडी किती आडवी) आणि स्टाइलला गुण देतात. टायरचंही गणित उलटं. रेसिंग टायरची पकड साधारण ६ ते १० अंश स्लिप अँगलला (टायरचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष जाण्याची दिशा यांतला कोन) सर्वाधिक असते. त्यापुढे टायर तापतो, पकड घटते, वेळ जातो. हे लोक मुद्दाम त्यापुढे जातात!

क्लच_किक:
पंच असले की खेळ नाही? मग जिम्नॅस्टिक्स काढा ऑलिंपिकमधून. आणि गुण मनाला येईल तसे देत नाहीत हो. ट्रॅकवर झोन (चाकांनी भरायचे पट्टे) आणि क्लिपिंग पॉइंट (गाडीने अगदी जवळून जायच्या खुणा) आखलेले असतात; मागचं चाक झोनमध्ये भरलं नाही की गुण कापले. बाद फेरीत दोन गाड्या एकदम सुटतात. पुढच्याने लाइन धरायची, मागच्याने तोच अँगल ठेवून त्याच्या दाराला चिकटायचं. पुढच्याने अचानक गॅसवरचा (ॲक्सिलरेटरवरचा) पाय काढला तर मागच्याकडे फार तर अर्ध्या गाडीचं अंतर असतं. घाबरून सरळ झाला किंवा गरकन फिरला की त्या धावेचा शून्य. मग जागा बदलून दुसरी धाव.

पाना_नंबर_दहा:
भांडा, पण आधी गाडीखाली वाका. रस्त्यावरच्या गाडीत वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. ड्रिफ्टमध्ये उलटं स्टिअरिंग टोकाला गेलं की हाच फरक नडतो: पुढचे दोन टायर एकमेकांशी भांडतात, गाडी अडखळते. म्हणून नकल (पुढचं चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) कापून, वेल्ड करून चाकं जवळपास समांतर वळतील असं करतात आणि लॉक, म्हणजे चाक वळण्याची कमाल मर्यादा, वाढवतात. मागे टू-वे एलएसडी, म्हणजे गॅस देताना आणि सोडताना दोन्ही वेळा मागच्या चाकांना एकत्र फिरायला लावणारा डिफरन्शियल. बजेट नसेल तर सरळ वेल्ड केलेला डिफ (डिफरन्शियल), म्हणजे दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने. हँडब्रेक हायड्रॉलिक, स्वतःच्या मास्टर सिलिंडरचा (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग), कारण केबलवाला चाक झटक्यात लॉक करत नाही. तो ओढताना क्लच दाबायला विसरलात तर इंजिन बंद! क्लच किक म्हणजे गॅस धरून क्लच दाबायचा आणि फटकन सोडायचा. त्या धक्क्याने मागचे टायर सुटतात, पण जुना ॲक्सल शाफ्टही तुटतो. निसान सिल्व्हियावाल्यांना विचारा, ड्रिफ्टवाल्यांची लाडकी गाडी ती.

एपेक्स_पकडा:
म्हणजे माझंच खरं. अशी गाडी शर्यतीत लावली तर सगळ्यात मागे. वेल्ड केलेला डिफ संथ वळणात पुढची चाकं बाहेर ढकलतो.

क्लच_किक:
आणि फॉर्म्युला कार रॅलीच्या खडीवर लावली तर? गाडी वेगळी म्हणून खेळ बाद होत नाही. माणसं तर तीच आहेत. कुनिमित्सु ताकाहाशी सत्तरच्या दशकात जपानच्या टूरिंग कार शर्यतींत गाडी आडवी घालत वळणं घ्यायचा. ते बघून केइची त्सुचियाने घाटरस्त्यांवर हे तंत्र घोटलं. १९९५ला हेच दोघे, सोबत अकिरा इइदा, होंडा एनएसएक्समधून ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जीटी२ या गटात जिंकले.

एपेक्स_पकडा:
जिंकले ते चाकं सरळ ठेवून! २४ तासांच्या शर्यतीत टायर जपावे लागतात, ड्रिफ्टमध्ये मागची जोडी काही धावांतच संपते.

पाना_नंबर_दहा:
म्हणून तर पिटमध्ये मागच्या चाकांची चवड लावलेली असते. सुटी चाकं मोजत बसलात तर गुण कधी बघणार?