१९ वर्षांची नोकरी गेली, अनुभवपत्रात नुसतं 'स्टाफ नर्स'. मदत हवी आहे

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), वय ४५, नाशिक. एकाच खासगी हॉस्पिटलात १९ वर्षं काढली, शेवटची १२ आयसीयू इनचार्ज म्हणून. दिवाळीनंतर मॅनेजमेंट बदललं आणि आम्हा सात सिनियर सिस्टरांना एका दुपारी एचआरमध्ये बोलावलं. पाच नंबरचा पेशंट व्हेंटिलेटरवर होता. त्याचं सक्शन केलं, हँडओव्हर दिला, खाली गेले ती परत वर गेलेच नाही. लॉकरमधलं सामान दुसऱ्या दिवशी वॉचमनने पिशवीत भरून हातात दिलं.

चार इंटरव्ह्यू झाले. एका ठिकाणी तोंडावरच सांगितलं, "सिस्टर, तुमच्या पगारात आम्हाला दोन फ्रेशर येतात." दुसरीकडे १८ हजार, तेही कायम नाइट. मोठ्या हॉस्पिटलात अनुभवपत्रावर गाडी अडली, कारण त्यात आयसीयू नाही, इनचार्ज नाही. जुन्या एचआरला फोन केला तर म्हणे, "फॉरमॅट तोच आहे."

होमकेअर एजन्सी १२ तासांच्या ड्युटीला बरे पैसे देतेय, पण ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा म्हणते. मन धजत नाही. सरकारी भरतीचं वय (खुल्या वर्गाला ३८) कधीच उलटलं. आणि कृपया 'गल्फला जा' सांगू नका, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मुलगा बारावीला आहे.

अनुभवपत्राचं काय करू? या वयात डायलिसिस किंवा इन्फेक्शन कंट्रोलकडे वळता येईल का? ग्रॅच्युइटीबद्दलही कुणी चकार शब्द काढलेला नाही.

गोदाकाठ: ताई, ओरिजिनल कुणालाही देऊ नका. दाखवायची आणि परत पिशवीत टाकायची. ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे: ढोबळ हिशोब म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची १९ वर्षं. ३० दिवसांत द्यायला हवी. लेखी अर्ज करा, पोच घ्या. टाळाटाळ केली तर कामगार आयुक्तालयात चौकशी करा, दाद कुठे मागायची ते विचारा.

निळी_साडी: मी स्वतः इन्फेक्शन कंट्रोलला आहे, ४१ व्या वर्षी वळले. एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या) तयारीतल्या हॉस्पिटलांना ही सिस्टर लागतेच, आणि तिथे फ्रेशर चालत नाही. अनुभवपत्र बदलून देत नसतील तर जुने ड्युटी रोस्टर, अप्रेझल, पगाराच्या स्लिपा जोडा. तुमच्या इंटेन्सिव्हिस्टकडून (आयसीयूच्या डॉक्टरांकडून) लेटरहेडवर चार ओळी घ्या. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं रिन्युअल कधी आहे तेही बघा, दर ५ वर्षांनी असतं, नोकरी सुटली की नेमकं तेच राहून जातं. एक विचारते, तुमच्या आयसीयूत व्हॅपचा (व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा), लाइन इन्फेक्शनचा (शिरेतल्या नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचा) हिशोब कोण ठेवायचं?

मूळ लेखिका: मीच की! दर महिन्याला, लाल पेनाने, रजिस्टरमध्ये. बायोडेटात त्याची एक ओळही नाही, कारण ते वेगळं काम आहे असं कधी वाटलंच नाही. स्लिपांची फाइल आत्ताच माळ्यावरून काढली. 'इनचार्ज अलाउन्स ७००' छापलेलं आहे. गोदाकाठ, अर्जाचा मसुदा उद्या इथे टाकते, नजर घालाल का?