सराफ्यावर केस लिहायची आहे, कॉलेजला ‘पेपर’ हवाय. दोन्ही एकात जमेल का?

राजेंद्रनगरची मास्तरीण (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात एमबीएला शिकवते. मार्केटिंग आणि संशोधन पद्धती, हे दोन विषय. कॉलेजचं नाव विचारू नका, आमचे डायरेक्टर मराठी वाचतात.

चौथ्या सेमिस्टरचे प्रकल्प आले की पान न उलटता आत काय असेल ते सांगते. ‘इंदूर शहरातील ग्राहकांचा ऑनलाइन खरेदीकडे पाहण्याचा दृष्टिकोन’, नाहीतर तेच, मोबाइल पेमेंटबद्दल. गुगल फॉर्म, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच गोळे, आणि लिंक व्हॉट्सअॅपवर: होस्टेलचा ग्रुप, मामेभावंडं, सोसायटी. उत्तरं देणारे नेहमी ३८४. का रे ३८४? ‘मॅडम, टेबलमध्ये दिलंय.’ दिलंय खरं. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चुकीची मुभा आणि मोठी लोकसंख्या धरली की सूत्रातून ३८४ निघतात. पण ते केव्हा? शहरातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल तेव्हा. मामेभावंडांच्या ग्रुपवर ३८४ उत्तरं आली काय आणि ३८,४०० आली काय, इंदूरबद्दल काही कळत नाही. मामेभावंडांबद्दल कळतं.

हे मी शिकवते, मुलं परीक्षेत नीट लिहितात आणि प्रकल्पात पुन्हा ३८४च आणतात. कारण त्याच प्रकल्पाचा पुढे ‘पेपर’ होतो. आमच्याकडे माणशी वर्षाला दोन, तेही स्कोपस या संशोधन-नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत दिसणारे. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, क्रमवारीत मॅनेजमेंट संस्थांसाठी संशोधन आणि व्यावसायिक काम या भागाला ३० टक्के वजन आहे, त्यातले प्रकाशनांचे आकडे स्कोपस आणि तशाच वेब ऑफ सायन्समधून घेतले जातात, म्हणून ही धावपळ. डायरेक्टरांनाही वरून विचारणा होतेच.

मला करायचंय ते वेगळं: वर्गात चर्चेला घ्यायची केस, म्हणजे खऱ्या माणसापुढचा खरा पेच मांडणारा मजकूर. विषय सराफा. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते: दिवसा सोन्या-चांदीची बाजारपेठ, रात्री दुकानं वाढवली की त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या आणि ठेले लागतात, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मावाबाटी, थंडीत गराडू. जागा एकच, धंदे दोन, आणि त्यांची वेळ एकमेकांना छेदत नाही. निदान पूर्वी छेदत नव्हती. आता ठेले वाढले, मोमो-नूडल्स आले, गॅसची सिलिंडरं आली, आणि सराफ मंडळींमधूनच ही खाण्याची चौपाटी इथून हलवा अशी मागणी झाली. माझ्या ओळखीचे एक सराफ आहेत, तिसरी पिढी. त्यांच्या ओट्यासमोर एकाच कुटुंबाचा ठेला वडिलांच्या काळापासून लागतो. चौपाटी हलवण्याच्या अर्जावर त्यांनी सही करावी की नाही? दीड तासाच्या वर्गाला याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. शिवाय मुलं दर शनिवारी तिथे खायला जातातच.

अडचणी अशा. सराफकाका बोलतात भरपूर, पण आकडा विचारला की चहा मागवतात. नाव छापायचं नाही म्हणतात. आणि विभागप्रमुखांचं म्हणणं, ‘केस म्हणजे शिकवायचं साहित्य, संशोधन नव्हे. पेपरच्या रकान्यात धरणार नाही.’ खरंच असं आहे का? की दोन्ही एका दगडात होईल?

---

निवृत्त मास्तर (आता पुणे, जन्म रामबाग)

बाई, विषय फर्मास आहे. पण तुमच्या विभागप्रमुखांचं अर्धं बरोबर आहे, ते आधी सांगतो.

शिकवायची केस आणि संशोधनातला केस-अभ्यास यांत गल्लत होते. शिकवायच्या केसमध्ये लेखक निष्कर्ष काढत नाही. माणूस उभा करायचा, त्याच्यापुढचा पेच उभा करायचा, निर्णयाच्या आदल्या दिवशी थांबायचं. विचार वर्गाने करायचा. संशोधनात उलट: प्रश्न तुमचा, पुरावा तुमचा, निष्कर्षही तुमचाच, आणि तो कुठल्या सिद्धांताला धक्का देतो किंवा पुढे नेतो ते दाखवायची जबाबदारीही तुमची. सराफकाकांनी सही केली की नाही हे पहिल्यात लपवायचं असतं, दुसऱ्यात तिथूनच सुरुवात होते.

हा झगडा तुमच्या कॉलेजापुरता नाही. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ची. तिथे डीन वॉलेस डोनम यांनी, जे स्वतः कायदा शिकलेले होते, कायद्याच्या वर्गातली, खटल्यांवर चर्चा करून शिकवायची रीत धंद्याच्या शिक्षणात आणली. १९२१ साली पहिली लिखित केस आली, एका बूट कंपनीची. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत दोन मोठे अहवाल आले, एक फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने, दुसरा कार्नेगीच्या. दोघांचा सूर एकच: बिझनेस स्कूलं म्हणजे धंद्याच्या शिकवण्या झाल्यात, अभ्यासाला खोली नाही, गणित, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र आणा, पीएचडीवाले नेमा. तिथून पेपरांची गाडी सुटली ती आजवर. गंमत बघा, १९६१ साली अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं त्यालाही फोर्ड फाउंडेशनची मदत, आणि सहकार्य हार्वर्डचं, म्हणजे केस पद्धतीचं. एकाच थैलीतून तिकडे संशोधनाला जोर आणि इकडे केसला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या आयआयएमला जोड मिळाली ती एमआयटीची. आपल्याकडे दोन्ही घराणी पहिल्या दिवसापासून आहेत, आणि दोन्हींत नीट बोलणं नाही.

आता तुमच्या कामाचं. नाव छापायचं नसेल तर केसमध्ये सोंग देता येतं: नाव बदला, गल्ली बदला, आणि सगळे रुपयांचे आकडे एकाच गुणकाने गुणा. म्हणजे खरे आकडे झाकले जातात पण नफ्याचं प्रमाण, वाढ, खर्चाचा वाटा हे सगळं शाबूत राहतं. पण सराफा लपणार नाही, तो सराफाच राहू द्या, फक्त माणूस लपवा. आणि लिहून झाल्यावर काकांकडून संमतिपत्रावर सही घ्याच. तोंडी ‘हो हो छापा’ चालत नाही, केस छापणाऱ्या बहुतेक संस्था कागद मागतात. लोक इथेच अडकतात, कारण मजकूर वाचून काका म्हणतात, ‘हे वाक्य काढा.’ तेच वाक्य नेमकं केसचा जीव असतं.

दुसरं, अध्यापन-टिपण. केस चार पानांची असेल तर टिपण दहा पानांचं होतं. कुठला प्रश्न आधी टाकायचा, वर्ग कुठे भरकटेल, फळ्यावर काय मांडायचं, कुठल्या संकल्पनेपाशी न्यायचं. तुमची खरी विद्वत्ता तिथे दिसते, आणि विभागप्रमुख ते कधी वाचत नाहीत.

एका दगडात दोन पक्षी मारायला मात्र जाऊ नका. आधी केस. वर्गात चालवा. वर्ग जिथे तुम्हाला न पटणारं उत्तर देईल तिथे पेपरचा विषय सापडेल.

---

सियागंजचा हिशेबनीस

मास्तरांनी शास्त्र सांगितलं, मी बाजार सांगतो. माझा जन्म इंदूरच्या सियागंज बाजारातल्या व्यापारी पेढ्यांचे हिशेब लिहिण्यात गेला.

ताई, व्यापारी आकडा देत नाही तो फक्त टॅक्सच्या भीतीने, असं पुस्तकी लोकांना वाटतं. तसं नसतं. दुकानात तीन भाऊ भागीदार असतात, धाकट्याला मोठ्याची उचल माहीत नसते. शेजारच्या दुकानाला उधारी कळली तर पाळीव गिऱ्हाईक पळतं. आकडा म्हणजे त्याच्या घरातलं भांडण. तुम्ही विचारल्यावर चहा येतो, हे तुमचं नशीब. मला तर एकाने हात जोडून रस्ता दाखवला होता.

म्हणून आकडा विचारूच नका, मोजा. ठेल्यावर मुलगा उभा करा, पंधरा मिनिटांत किती प्लेट गेल्या ते लिहायला सांगा. तासातासाला, वारावाराला. एका प्लेटीला कणसं किती लागतात ते घरी करून बघा. रोज किती माल येतो ते ठेलेवाला सांगणार नाही, पण हमाल सांगतो. सिलिंडर किती दिवसांनी बदलतं ते तर डोळ्यांना दिसतं. तीन वाटांनी आलेला अंदाज जवळपास जुळला की तो मालकाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा खरा. मालक सांगतो तो आकडा कमी तरी असतो, नाहीतर जावयासमोर सांगितल्यासारखा.

सराफाला विचारायचा खरा प्रश्न हा: ‘काका, उद्यापासून हा ठेला लागला नाही तर रात्री पहारेकरी ठेवाल का? किती पगारावर?’ सगळेच म्हणतात रात्रीच्या वर्दळीमुळे सोन्याची दुकानं सुरक्षित राहतात. म्हणायला काय जातं. पहारेकऱ्याचा पगार त्याच्या तोंडून आला की त्या वर्दळीची किंमत कळली. आणि तो म्हणाला, ‘कॅमेरे लावलेत की आता’, तर तुमची अर्धी केस तिथेच उलगडली. पूर्वी ठेलेवाला ओटा झाडून द्यायचा आणि राखणही करायचा, आता राखण कॅमेरा करतो. मग सराफाच्या वाट्याला काय उरलं? तेलकट ओटा.

---

अर्धवट पीएचडी

दोघांनाही नमस्कार, पण ताईंच्या रकान्याचा प्रश्न तसाच राहिला.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या, प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या नियमावलीतल्या तक्त्यात मॅनेजमेंटच्या एका पेपरला १० गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. शिकवायच्या केसला स्वतःची ओळ नाही. नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित केल्याचे ५ गुण आहेत, त्यात बसवता येईल, पण विभागप्रमुखांशी वाद घालावा लागेल. मात्र हीच केस समीक्षकांकडून तपासून छापणाऱ्या नियतकालिकात आली तर तिला पेपर का म्हणू नये, हे त्यांनी सांगावं. अहमदाबादच्या आयआयएमचं ‘विकल्प’ १९७६ पासून निघतंय, त्यात मॅनेजमेंट केसला जागा असते. केवळ केस छापणारी आंतरराष्ट्रीय नियतकालिकंही आहेत. पाठवण्याआधी ते स्कोपसमध्ये आहे का, ते त्या दिवशी स्कोपसच्याच यादीत बघा, नियतकालिकाच्या वेबसाइटवर नको. तिथे वाट्टेल ते लिहिलेलं असतं.

आणि एक हत्यार तुमच्या हातात आलंय. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता चांगलं नियतकालिक कोणतं हे संस्थांनीच निकष लावून ठरवायचं. म्हणजे तुमची अॅकॅडमिक काउन्सिल ठराव करू शकते की अध्यापन-टिपणासह, समीक्षा होऊन छापलेली केस ही आमच्याकडे प्रकाशन धरली जाईल. डायरेक्टरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, ठरावाचा मसुदा टाइप करून घेऊन जा.

मास्तरांशी माझा मतभेद. ‘आधी केस, मग पेपर’ हे नोकरी पक्की असलेल्यांचं वेळापत्रक आहे. ताईंना वर्षाला दोन द्यायचेत. एकाच फेरीत दोन्हींची सामग्री गोळा करा, पण एका दुकानावर थांबू नका. मॅनेजमेंटच्या संशोधक कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९च्या लेखात केस-अभ्यासांतून सिद्धांत कसा बांधायचा ते सांगताना चार ते दहा केस सोयीच्या म्हटल्या आहेत. सहा ओटे घ्या. तीन सह्या करणारे, तीन न करणारे. कोणाचा ठेल्याशी पिढ्यांचा संबंध, कोणाचं दुकान भाड्याचं, कोणी कॅमेरे लावले. सामाईक जागा लोक आपापसांत नियम करून कशी सांभाळतात, यावर एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सराफा त्या चौकटीत चपखल बसतो, आणि नियम मोडायला लागले की काय होतं हेही तिथेच दिसतंय. सहांमधला सगळ्यात रंगतदार ओटा उचला, ती तुमची वर्गातली केस.

मुलांनी मुलाखती घेतल्या तर त्यांची नावं लेखकांत टाका, आभारात नको. आमच्या गाइडांनी माझं आभारात टाकलं होतं.

---

राजेंद्रनगरची मास्तरीण

वा, पोटभर मिळालं. सहा ओट्यांचं पटलं. हिशेबनीस काका, पहारेकऱ्याचा प्रश्न मी चोरणार आहे.

मास्तर, तुमचं एक मान्य नाही. ‘वर्ग चुकेल तिथे पेपरचा विषय’ हे साठ मुलांच्या वर्गात, जिथे चाळीस जण केस न वाचता येतात, जमत नाही. माझी अर्धी मुलं गावाकडून आलेली, इंग्रजी केस समोर ठेवली की गप्प. म्हणून मी केस इंग्रजीत लिहिणार पण चर्चा हिंदीत घेणार, आणि सराफकाकांची वाक्यं इथल्या माळवी बोलीत जशीच्या तशी ठेवणार. इंग्रजी केसमधला ‘मिस्टर गुप्ता’ कोणाच्याच ओळखीचा नसतो, माझे सराफकाका वर्गातल्या तिघांच्या तरी नात्यात निघतील. म्हणजे सोंग जास्तच नीट द्यावं लागणार, हेही आलं.

अर्धवट पीएचडी, तीन सह्यावाले मिळतील, ते तावातावाने बोलतात. सही न करणारे तीन उघड बोलतील असं वाटत नाही. बाजारात रोज तोंड दाखवायचंय त्यांना.

---

निवृत्त मास्तर

चाळीस जण न वाचता येतात तर पहिली पंधरा मिनिटं वर्गातच वाचायला द्या, निमूट. केस दीड पानाची करा. लांबीने केस मोठी होत नाही. आणि पहिला प्रश्न ‘काकांनी काय करावं?’ हा टाकू नका, सगळे ‘दोन्ही बाजू समजून घ्याव्यात’ म्हणतील. ‘सही कोण करणार, हात वर’, एवढंच. मग हात वर न केलेल्याला उठवा.

---

सियागंजचा हिशेबनीस

सही न करणारे बोलतात, पण दुकानात नाही. त्यांचे मुनीम बोलतात. आणि मुलांना रात्री दहाला प्रश्न विचारायला पाठवू नका, ठेलेवाल्याचा धंदा तेव्हाच असतो, तो पळवून लावेल. दुकान वाढवायच्या आधी अर्धा तास जा. सराफ हिशेब मिटवत असतो, ठेलेवाला सामान उतरवत असतो, दोघं एकाच ओट्यावर असतात. सराफ आधी ओटा रिकामा करतो की ठेलेवाला वाट बघत उभा राहतो, ते आधी नुसतं बघा. सहाही ओट्यांवर ते सारखं नसतं.