शीतयुद्धातले गुप्तचर अधिकारी देश राखत होते की नोकऱ्या?

खडूसकाका
माझं मत आधीच सांगून टाकतो: या मंडळींचा निम्मा काळ एकमेकांची नोकरी टिकवण्यात गेला. बर्लिनचा बोगदा घ्या. अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची एमआय-सिक्स या गुप्तचर संस्थांनी मिळून पश्चिम बर्लिनच्या अमेरिकी विभागातल्या रुडोपासून पूर्वेकडच्या आल्टग्लिनिकेपर्यंत सुमारे ४५० मीटर बोगदा खणला, सोव्हिएत लष्कराच्या टेलिफोन केबली गाठल्या आणि मे १९५५ पासून ११ महिने कान लावून बसले. केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, मात्र हे पहिलं फावडं पडायच्या आधीपासून ठाऊक होतं! कारण बोगद्याच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ब्लेक हा त्यांचाच माणूस. म्हणजे हे घाम गाळून खणतायत आणि पलीकडचा म्हणतोय, खणा बापड्यांनो. याला हेरगिरी म्हणायची की रोजगार हमी?

मुळाक्षर
साफ असहमत. काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. केजीबीला माहीत होतं, पण सांगणार कुणाला? लष्कराला सावध केलं असतं तर फोनवरची बोलणी एकदम आटली असती आणि लंडनमध्ये पहिला संशय बैठकीतल्या मोजक्या माणसांवर गेला असता. ब्लेकला वाचवायला केजीबीने स्वतःच्याच सैन्याला अंधारात ठेवलं. ते बिचारे नेहमीसारखे बोलत राहिले: बदल्या, तुकड्यांची ने-आण, वरिष्ठांच्या चहाड्या. त्यातून ४,४३,००० संभाषणं उतरवली गेली, १,७५० च्या आसपास अहवाल निघाले. पलीकडे हल्ल्याची तयारी नाही, एवढं खात्रीने कळलं तरी त्या काळात झोप लागत होती.

शब्दखूण
थोडं अवांतर. मी मुलाखतींचं ध्वनिमुद्रण उतरवून देण्याचं काम करते. तासाभराचं बोलणं, वर पंख्याची घरघर, त्यात दोघं एकदम बोलणारे. माझे पाच तास सहज जातात. त्यामुळे या बोगद्यातून ध्वनिफितींची ५०,००० रिळं निघाली हे वाचून माझी मानच आखडली. लंडनमध्ये तीनशेवर माणसं हे ऐकायला बसली होती. बोगदा एप्रिल १९५६ मध्ये बंद पडला, पण रिळं संपायला सप्टेंबर १९५८ उजाडला. काका, त्यांना तरी नोकऱ्या राखणारे म्हणू नका.

खडूसकाका
शब्दखूणताई, त्यांना नाही म्हणत. बोगद्याचा मुद्दाही अर्धा सोडतो. पण केजीबीच्या ‘रायान’ मोहिमेचं काय? १९८१ मध्ये मॉस्कोच्या मनाने घेतलं की नाटो अचानक अण्वस्त्र हल्ला करणार. झालं, लंडनच्या केजीबी अधिकाऱ्यांना फर्मान: रात्री संरक्षण मंत्रालयाच्या किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा, रक्तदात्यांना मिळणारा भाव वाढतोय का बघा. अहो, ब्रिटनमध्ये रक्तदानाचे पैसे मिळतच नाहीत! तिथल्या अधिकाऱ्यांना हे हास्यास्पद वाटत होतं, तरी अहवाल मुकाट पाठवत राहिले. साहेबाला जे हवं ते लिहायचं, बढती सांभाळायची. ही कचेरी मी चांगली ओळखतो, फक्त देश वेगळा.

मुळाक्षर
पण हे सगळं तुम्हाला कळलं कुणामुळे? त्याच लंडन कचेरीतल्या ओलेग गोर्डिएव्हस्कीमुळे. तो केजीबीचा अधिकारी, १९७४ पासून ब्रिटिशांचा माणूस. मॉस्को ढोंग करत नाहीये, खरंच घाबरलेलं आहे, हे त्याने पोचवलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये नाटोचा ‘एबल आर्चर’ हा अण्वस्त्रयुद्धाचा सराव झाला तेव्हा हवा किती तापली होती, हेही पश्चिमेला बरंचसं त्याच्यामुळेच उमगलं. १९८५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला रशियातून गाडीच्या डिकीत घालून फिनलंडमध्ये नेलं. वाटेत चौकीवर कुत्र्यांना चकवायला एका अधिकाऱ्याच्या बायकोने तान्ह्या बाळाचं लंगोट तिथेच बदललं.

निमूट
तुम्ही दोघं अधिकाऱ्यांवरच भांडताय. पकडला गेला तर अधिकाऱ्याचं होतं काय? दूतावासाचं ओळखपत्र दाखवायचं, ‘नको असलेला पाहुणा’ म्हणून शिक्का घ्यायचा, विमानात बसायचं. जीव जातो तो हस्तकाचा, म्हणजे त्यांना आतून माहिती पुरवणाऱ्या माणसाचा.

अडोल्फ टोल्काचेव्ह मॉस्कोत रडारचा अभियंता. १९७७ मध्ये पेट्रोल पंपावर त्याने स्वतः अमेरिकी अधिकाऱ्याला गाठलं. हा केजीबीचा गळ असेल म्हणून वर्षभराहून जास्त त्याला झुलवत ठेवलं. पुढे तो जेवणाच्या सुट्टीत कागद कोटाखाली घालून घरी न्यायचा, खुर्चीच्या पाठीला पेंटॅक्स कॅमेरा अडकवून फोटो काढायचा आणि सुट्टी संपायच्या आत कागद जागेवर. अमेरिकी लष्कराचे अब्जावधी डॉलर वाचले म्हणतात. पैसे त्यानेही घेतले, पण पोरासाठी रॉक संगीत, ड्रॉइंगची पेनं आणि पकडलोच तर गिळायला विषाची गोळी, असंही मागितलं. त्याचं नाव फोडलं एडवर्ड ली हॉवर्डने, सीआयएनेच काढून टाकलेल्या माणसाने. जून १९८५ मध्ये त्याला भेटायला गेलेला अधिकारी पकडला गेला आणि काही दिवसांत घरी पोचला. टोल्काचेव्हला १९८६ मध्ये गोळी घातली.

खडूसकाका
निमूट, हे माझ्या डोक्यात नव्हतं. ‘निम्मा काळ’ मी मागे घेत नाही, पण शीर्षकात हस्तकालाही जागा हवी होती. तुमच्याच बाजूने एक जोडतो. तो ब्लेक १९६१ मध्ये पकडला गेला, ४२ वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांत दोराच्या शिडीने लंडनच्या तुरुंगाची भिंत ओलांडली. शिडीच्या पायऱ्यांना आधार विणायच्या सुयांचा! २०२० मध्ये मॉस्कोत वारला तेव्हा वय ९८, पेन्शन चालू.