आरएक्स १०० ला डिजिटल मीटर: आरपीएम उड्या मारतंय, हाय बीम कसा जोडू? (मूळ वायरिंग न कापता)

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९४ चं मॉडेल. वडिलांनी नवी घेतलेली, अजून रोज चालते. मूळ स्पीडोमीटरचा काटा ४० च्या पुढे थरथरतो, किलोमीटरचे आकडे अडकलेत. म्हणून युनिव्हर्सल डिजिटल मीटर आणलं. माझी अट एकच: गाडीचं वायरिंग कुठेही कापायचं नाही. सगळी जोडणी कनेक्टरमधूनच हवी, उद्या मूळ मीटर परत बसवता आलं पाहिजे.

जमलं ते आधी सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. किटमधलं वेग मोजायचं चुंबक डिस्क ब्रेकच्या बोल्टसाठी आहे आणि आरएक्सला पुढे ड्रम. मग हबच्या ज्या कडेत स्पोक अडकतात, तिथे ते एम-सीलने चिकटवलं. सेन्सरसाठी पत्र्याची पट्टी वाकवून फोर्कला क्लॅम्प केली, मध्ये ३-४ मिमी फट ठेवली. टायरवर खडूची खूण केली, मित्राला गाडीवर बसवलं आणि चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकलली. अंतर १८०० मिमीच्या आसपास भरलं. तो आकडा मीटरमध्ये टाकल्यापासून वेग मोबाइलच्या जीपीएसशी जुळतोय. इंडिकेटर, न्यूट्रलही व्यवस्थित.

अडलंय दोन ठिकाणी.

आरपीएमची (इंजिनचे मिनिटाला फेरे मोजणारी) वायर प्लगच्या वायरीभोवती गुंडाळली आहे. टू-स्ट्रोक सिंगल, म्हणजे एका फेऱ्याला एक स्पार्क, सेटिंगही तसंच. आयडलला १३००-१४०० दाखवतं, ते पटतं. पण तिसऱ्या गिअरमध्ये जरा पिळली की आकडा चार हजारांवरून थेट अकरा हजारांवर, आणि मध्येच मीटर बंद पडून पुन्हा सुरू होतं.

दुसरं, हाय बीम लागला की मीटरवर पेटणारा दिवा. आरएक्सचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनच्या मॅग्नेटो कॉइलच्या एसीवर चालतो. मीटरला मात्र १२ व्होल्ट डीसी हवेत. सरळ जोडलं तर मीटर जळेल का? मेकॅनिक म्हणतात, सगळं डीसी करून टाकू. मला ते अजिबात नको. एवढीशी बॅटरी, तिच्यावर हेडलाइट टाकून रात्री घाट कसा चढायचा?

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

दादा, डीसी करू नका, तुमचं बरोबर आहे.

आधी प्लगची कॅप बघा. साधी असेल तर ५ किलोओहम रेझिस्टर असलेली घ्या, मीटर रीसेट होण्याचं मोठं कारण तेच असतं. मग आरपीएमची वायर प्लगवरून काढून सीडीआयकडून (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) इग्निशन कॉइलला जाणाऱ्या नारिंगी वायरीभोवती चार-पाच वेढे द्या. फक्त गुंडाळा, जोडू नका. तिथे दोनेकशे व्होल्टचा पल्स असतो. मीटरची अर्थ हँडलवर घेतली असेल तर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

हाय बीमला सरळ मुळीच जोडू नका. पीसी ८१७ हा ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने पलीकडचा स्विच चालू करणारा छोटा भाग) कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. हेडलाइटच्या हाय बीमच्या वायरीकडून २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक १एन४००७ डायोड सिरीजमध्ये घालून त्याच्या एलईडीला द्या, एलईडीची दुसरी बाजू अर्थला. पलीकडे कलेक्टर चावीच्या स्विचनंतरच्या बॅटरी पॉझिटिव्हला, एमिटर मीटरच्या हाय बीम वायरीला. हेडलाइटचं एसी मीटरपर्यंत पोहोचतच नाही. सगळं हेडलाइटच्या डूममध्ये बसतं, एकही वायर कापावी लागत नाही.

कॅप बदलल्यावर आकडे काय येतात ते इथे टाका, मग पुढचं बघू.