ए१ ड्रॉइंग ए४ प्रिंटरवर पूर्ण मापात कसं काढायचं?

प्रश्न: खिडकीच्या ग्रिलची नक्षी ऑटोकॅडमध्ये (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) १:१, म्हणजे खऱ्या मापात काढली आहे. बाहेरची चौकट ७२० × ५४० मिमी, शीट ए१. फॅब्रिकेटरला पूर्ण मापाचा कागदी टेम्प्लेट हवाय, पण हाताशी फक्त ए४ लेझर प्रिंटर आहे. पीडीएफचे तुकडे करून छापले तर १०० मिमीची रेषा ९७ भरते आणि जोडावर नक्षी जुळत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १: १०० ची ९७ भरते म्हणजे छापताना 'फिट' (पान कागदात मावेल असं लहान करणारा पर्याय) चालू राहिलं आहे. प्रिंटरला कागदाच्या कडेचे साधारण ४-५ मिमी छापता येत नाहीत, म्हणून 'फिट' अख्खं पान आत ओढतं. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ७२० वर ते २१.६ मिमी होतात. ती ग्रिल खिडकीत बसणार नाही.

तपास पीडीएफपासून सुरू करा. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाचा आकार ८४१ × ५९४ मिमी दिसायला हवा आणि ऑटोकॅडच्या प्लॉटमध्ये (म्हणजे छपाईच्या खिडकीत) 'फिट टू पेपर' बंद, १ मिमी = १ युनिट असायला हवं. तिथेच चुकलं असेल तर पुढे काही करून उपयोग नाही.

मग रीडरच्या प्रिंटमध्ये 'पोस्टर' निवडा, तो मोठ्या पानाचे तुकडे (टाइल) करून अनेक कागदांवर छापतो: टाइल स्केल १००, ओव्हरलॅप (शेजारच्या कागदांवर दोनदा छापली जाणारी पट्टी) १० मिमी, कट मार्क्स (कापायच्या खुणा) आणि लेबल्स (पानाचं नाव-क्रमांक) चालू. लेबल्स विसरू नका, नाहीतर कुठलं पान कुठलं हे शोधण्यातच वेळ जातो. प्रिंटर ड्रायव्हरमध्ये वेगळं स्केलिंग असतं, तेही बंद करा. तिथे कागद 'लेटर' (अमेरिकन माप) राहिला असेल तर ए४ करा. ब्राउझरमधून छापू नका.

उत्तर २: अख्खं ए१ पान टाइल करू नका, कोरा भागही छापला जातो. छापता येणारी जागा २०० × २८७ मिमी आणि ओव्हरलॅप १० मिमी धरला तर उभ्या ए४ चे ५ × ३ = १५ कागद लागतात. ऑटोकॅडमध्ये ७६० × ५६० मिमीचं कस्टम पान करून फक्त ग्रिल प्लॉट केली तर ४ × २ = ८ कागदांत काम होतं. जोड जितके कमी, तितकी चूक कमी.

छापण्याआधी १५० मिमीची एक आडवी, एक उभी रेषा काढून एकच कागद छापा. स्टीलच्या पट्टीने मोजा, पण शून्यापासून नको, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असतं. १० च्या खुणेपासून धरा. दोन्ही रेषा १४९.१ भरल्या तर १५० ÷ १४९.१ = १.००६, म्हणून प्लॉट स्केल १.००६ मिमी = १ युनिट ठेवा. आडवी आणि उभी वेगवेगळी भरली तर एका आकड्याने भागत नाही; तिथे प्लॉटर कॉन्फिगरेशनमधलं कॅलिब्रेशन वापरा.

आठही कागद एकाच ट्रेमधून, सलग काढा. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि लेझरच्या उष्णतेने आकसतो, त्यामुळे आज चार, उद्या चार असं केलं की जोड सरकतात.

जोडताना प्रत्येक कागदाची फक्त उजवी आणि खालची कड कट मार्कवर कापा. डावी आणि वरची तशीच राहू द्या, त्यावर शेजारचा कागद बसतो. आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. ग्लू स्टिक किंवा चिकटपट्टी वापरा. पातळ डिंकाने कागद भिजून ताणला जातो. शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ७२० आणि ५४० चा कर्ण बरोबर ९०० येतो. एक ९०० आणि दुसरा ८९७ आला तर एखादी ओळ तिरकी बसली आहे. टेप काढून ती पुन्हा बसवा, टेम्प्लेट तसाच देऊ नका.

प्रश्नकर्ता: कळलं. याच कामाचा १:५० चा ए१ प्लॅन साइटसाठी लहान कागदावर हवाय. त्यालाही हेच?

उत्तर १: नाही, तो ए३ वर बरोबर ५० टक्क्यांनी छापा. १:५० चा १:१०० होतो आणि स्केलपट्टी थेट लागते. ए२ वर ७०.७ टक्के होऊन १:७०.७ येतो, ए४ वर जवळपास १:१४१. अशी पट्टी कुणाकडेच नसते. ए३ वर कडेची चौकट थोडी कापली गेली तरी चालेल, 'फिट' मात्र नको. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतलं) '१:५०' खोडून '१:१००, ए३' लिहा आणि ड्रॉइंगमध्ये मीटरची आलेखी पट्टी (मीटरच्या खुणा असलेली काढलेली रेघ) टाका. झेरॉक्सवाल्याने आणखी लहान केलं तरी तीही त्याच प्रमाणात लहान होते.