कच्च्या दुधाचं चीज विकायचंय, लायसन्सचं कुणी नीट सांगेल का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात राहते, माहेर सांगोल्याकडचं, तिथं भावाच्या गोठ्यात सहा पंढरपुरी म्हशी आहेत आणि त्यांच्या दुधाचं मी वर्षभर घरी चीज करतेय. दूध तापवत नाही, धारेची ऊब असतानाच कल्चर (विरजणासारखे जिवाणू) आणि मग दूध घट्ट करणारं रेनेट, तेही मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, वासराच्या पोटातलं नाही. इथला उन्हाळा माहितीये ना, ४२ च्या पुढं, म्हणून जुन्या फ्रीजला थर्मोस्टॅट लावून १२ डिग्रीवर मुरवते, रोज चीजची एकेक चक्की (गोल वडी) उलटायची आणि मिठाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं बुरशी पुसायची. परवा दोन महिन्यांची कापली, आत पांढरीशुभ्र आणि सालीजवळ भाजक्या शेंगदाण्याचा वास!

आता होटगी रोडचा एक कॅफेवाला महिन्याला पाच किलो मागतोय. टर्नओव्हर कमी असला की एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं, साधं रजिस्ट्रेशन लागतं, एवढं कळलंय. पण फॉर्म भरून देणारा म्हणाला पनीर लिहा, कोण बघतंय. मला तसं नाही करायचं. कच्च्या दुधातनं लिस्टेरिया, ब्रुसेला असे आजाराचे जंतू येऊ शकतात, जाऊबाईंना सातवा चालूये म्हणून त्यांनी मागितलं तरी मी दिलं नाही, मग कॅफेत कुणी गरोदर बाई आली तर तिला कोण सांगणार?

कच्च्या दुधाचं असं लिहून कुणाला परवानगी मिळालीये का? आणि अमेरिकेत ६० दिवस मुरवलं की विकता येतं म्हणतात, ते इथं चालतं का? कॅफेवाला फ्रान्सचं रोकफोर हे निळ्या बुरशीचं चीजही मागवू म्हणतोय.

प्रतिसाद:
ताई, पनीर अजिबात लिहू नका. ६० दिवसांचा नियम अमेरिकेचा, तोही १.७ डिग्रीच्या खाली न नेता मुरवलं तर, आपल्याकडं त्याचा आधार घेता येत नाही आणि तेवढ्यानं सगळे जंतू मरतात असंही नाही. युरोपात विकतात पण लेबलवर कच्च्या दुधाचं असं छापावं लागतं. रोकफोरही कच्च्याच दुधाचं, मेंढीच्या, आणि बाहेरून आणायचं तर टर्नओव्हर कितीही असो, एफएसएसएआयचं सेंट्रल (केंद्राचं) लायसन्स लागतं. तुम्ही अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी विचारा, पोच घ्या. आधी म्हशींची ब्रुसेला आणि टीबीची तपासणी करा. तोवर विकायचंच असेल तर दूध ६३ डिग्रीवर ३० मिनिटं धरा, गार करून मग कल्चर टाका.

धागाकर्ती:
दादा, भावाला आत्ताच फोन केला, सोमवारी डॉक्टर गोठ्यावर येतायत. कॅफेवाल्याला थांबवलंय. ६३ डिग्रीवाली एक चक्की उद्या लावते, पण त्याला शेंगदाण्याचा वास येतो का हे दोन महिन्यांनी इथंच सांगते.